गावाच्या लेखी मी पर्मनंट

उंब्रजला हायवेवर पुण्याची एस.टी. थांबली तेव्हा आबांनी माझी बॅग स्वतः वर चढवली. आबा म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. "लागशील तितं पक्की लाग," एवढंच म्हणाले.

आमच्याकडे नोकरी म्हणजे पोरांना मिलिटरी, ओळख असली तर साखर कारखाना. डिप्लोमा झालेल्या मुलीला चाकण. देशभरच्या गाड्या इथं बनतात, त्यामुळे काम कधी संपत नाही. संपतो तो आमचा करार. सात महिने झाले की ठेकेदार गेटपास काढून घेतो. पंधरा दिवसांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर आम्ही पुन्हा त्याच लाइनवर उभ्या. याला ब्रेक म्हणतात. सहा वर्षं मी गाड्यांच्या वायरिंगचे तेच जोड बसवतेय.

तिसऱ्या वर्षी सुपरवायझर म्हणाला, "या खेपेला तुझं नक्की." मी आनंदाच्या भरात घरी कळवून टाकलं. आबांनी गावभर पेढे वाटले. पर्मनंट होणाऱ्यांची यादी लागली, तीत माझं नाव नव्हतं. सांगेन सांगेन म्हणता राहून गेलं. मग ब्रेकचे दिवसही मी खोलीतच काढू लागले. घरून व्हिडिओ कॉल आला की नुकतीच ड्यूटीवरून आल्यासारखी केस विस्कटून बसायचे.

यंदा धाकटी रूपाली नर्सिंग अर्धवट सोडून निघाली. "ताई चिकटवील मला," म्हणत होती. मी घाबरून आधी आबांना फोन लावला.

"आबा, मी पर्मनंट न्हाई. कवाच नव्हते."

ते आवाज खाली घेऊन म्हणाले, "गावात बोलू नगंस. रूपालीला बी नगं सांगू."

मी ऐकलं नाही. रूपालीला सगळं सांगितलं.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "फोटोत तुझ्या गळ्यातलं कार्ड दर खेपेला येगळं असायचं. तरी येते. माझी मैत्रीण नर्सिंग करून साताऱ्यात लागली, ती बी करारावरच हाय. मग तुझ्यापाशी का नगं?"

आता खोलीत दोन गाद्या आहेत. पुढच्या महिन्यात तिचा पहिला ब्रेक. गावी जायचं नाही, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही.

काल फोनवर ती आबांना सांगत होती, "व्हय आबा, लय चांगली कंपनी हाय." पलीकडे आबा समजूतदारपणे हुंकार देत होते. आम्ही तिघंही आता सगळं जाणतो, आणि एकमेकांपाशी काहीच बोलत नाही. घर म्हटलं की मला आता हेच आठवतं.