तांता एल्वियाची डच

"एल्वियाला शिंगं फुटलीत! इस्पितळातून आल्यापासून बाईसाहेब फक्त डच बोलतात!"

ही बातमी आमच्या कोळीगावात, बोका सामीच्या धक्क्यावर, तिथेच राहणाऱ्या शोन मर्साने उठवली. शोन मर्साचं नाकातलं बोलणं मला हुबेहूब जमतं, त्यामुळे बातमी तिच्याच आवाजात आणखी लांब गेली.

आमच्या बेटावर घरात, बाजारात, भांडणात, देवापुढे पापियामेंटू, आमची बोली. डच ही राज्यकर्त्यांची भाषा, शाळेपुरती नि कचेरीपुरती. अंगणात उभं राहून कुणी डच फाडायला लागलं, की त्याला माज चढला असंच सगळे धरून चालतात.

पण तांता एल्वियाला, म्हणजे आमच्या एल्वियामावशीला, माज बिज काही चढला नव्हता. मासे तळता तळता तिला मेंदूचा झटका आला. शुद्धीवर आली तेव्हा ऐकलेलं सगळं कळत होतं, पण तोंडातून पापियामेंटू फुटेना. उरली होती ती लहानपणी ननबायकांनी घोटून घेतलेली डच. त्या शाळेत घरची बोली तोंडातून निसटली की गुडघ्यांवर बसवायचे. डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधी कधी. वाट पाहू."

आणि तिचा नवरा ओमो नीलो, आमचा नीलोकाका, दुसरीतूनच शाळेतून पळून होडीवर गेलेला. डच ऐकली की तो अजून टोपी काढून उभा राहतो.

या बाईच्या शिव्या एके काळी होडी धक्क्याला लागायच्या आधी होडीत पोचायच्या! आता नवरा जेवायला आला की ती म्हणायची, "कृपया आसनस्थ व्हावे."

ओमो माझ्याकडे बघायचा. मी शेजारची, डच येणारी, म्हणून दुभाषी.

"म्हणतेय, बस की मेल्या! मक्याची फुंची गार होतेय, तुला काय आमंत्रण धाडू?" मी तिच्या जुन्या घोगऱ्या आवाजात सांगायची.

ओमो पोट धरून हसायचा. "ही बघ माझी एल्विया!"

एकदा मात्र हसता हसता त्याने ताट बाजूला सारलं. म्हणाला, "आपल्या पणज्यांना गुलाम म्हणून जहाजात कोंबून आणलं, त्यांच्या भाषा वाटेतच गेल्या. पोर्तुगीज, स्पॅनिश, डच, जे कानावर पडलं त्यात आपलं मिसळून त्यांनी ही बोली उभी केली. पण ते पुष्कळ जण होते गं. हिने एकटीने काय उभं करायचं?"

तो गेल्यावर तांताने माझं मनगट धरलं. "तू माझ्या तोंडी शब्द घालतेस. मी तसे बोललेले नाही."

"अगं, पण तुझं ते बोलणं परत येणारच आहे!"

"येणार नाही."

"पैज?"

"मान्य आहे. आले, तर माझी हवी तितकी नक्कल कर. न आल्यास, मी बोलेन तेवढेच सांगायचे."

मी मनात नाचलेच. तिला पेटवायचं कसं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ओमोने एकदा होडी शोन मर्साच्या पायरीला बांधली होती, तेव्हा तांताने तव्यासकट धाव घेतली होती. मी ओमोच्या कानात सांगितलं, "उद्या तिथेच बांध."

दुसऱ्या दिवशी त्याने तिथेच बांधली. शोन मर्साने वरून मानेला झटका दिला, "या, या, नीलो!"

तांता उठली. गळ्याच्या शिरा तटतटल्या. मासे साफ करणाऱ्या बायकांच्या सुऱ्या थांबल्या. तिचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. आतून काहीतरी वर येत होतं, येत होतं...

"महोदय, ही जागा आपली नाही."

कुणीच हसलं नाही.

ओमो दोर हातात धरून आशेने माझ्याकडे बघत होता. "काय म्हणाली? सांग ना, पोरी! कुठली शिवी दिली?"

जुना घोगरा आवाज माझ्या घशात तयार होता. तांता माझ्याकडे बघत होती.

"म्हणतेय," मी माझ्याच आवाजात सांगितलं, "महोदय, ही जागा आपली नाही."

ओमोने टोपी काढली आणि दोर सोडायला वाकला. पैज मी हरले होते.