रोज हरणारी पहिलवान

अधारतालला आमच्या शेजारी राहणारी बाई पेशाने पहिलवान आहे. आखाड्यातली नव्हे, तिकीट लावून, रंगीत दिव्यांखाली होणाऱ्या कुस्तीतली. तिथे कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, आणि तिच्या वाट्याला कायम हरणंच येतं. त्याचं तिला काही वाटत नाही. "जिंकणं काय भैया, कोणीही जिंकून राहिलं. नीट पडून दाखवा," म्हणते. पडताना ती तळहात जमिनीवर असा आपटते की आवाज गल्लीभर जातो आणि अंगाला काही लागत नाही.

एकदा माझ्या वडिलांनी गमतीत तिच्या दंडाला बोट लावलं, तर ती सरळ अंगणात आडवी. बाबा ऐंशीच्या घरातले. तेव्हापासून ते रोज सकाळी दाढी करून, बनियन घालून फाटकाशी उभे राहायचे, आणि ती कामाला निघताना रोज हरायची. "काकाजी, काहून एवढ्या जोरात मारता?" म्हणत कपडे झटकायची. दूधवाला बाबांना पहिलवानजी म्हणू लागला. मला हे सगळं जरा अतीच वाटायचं.

मागच्या महिन्यात बाबांना अर्धांगवायू झाला. दवाखान्यातून त्यांना स्ट्रेचरवर घरी आणलं, तेव्हा ती फाटकाशीच उभी होती. जाता जाता बाबांचा लोंबणारा हात तिच्या कोपराला घासला आणि ती धाडकन पडली. स्ट्रेचर धरणारे घाबरून जागीच थांबले.

बाबा कितीतरी दिवसांनी बोलले, अडखळत.

"आधी तिला उचला. माझा हात जरा जोरातच लागून गेला."