काचेच्या फलकातलं उलटं कात्रण

मी पुण्याची, आणि त्यात ग्रंथपाल. दोन्ही जमातींना पुराव्याशिवाय काही पटत नाही. कुणी भुताखेताचं बोलायला लागलं की मी उठून चहाचं आधण ठेवायला जाते... या सदरातले अनुभवसुद्धा मी इतकी वर्षं करमणूक म्हणूनच वाचत आले, राग मानू नका. आज मीच लिहायला बसलेय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटतंय. पण वय झालं, आणि जिला हे सांगायला हवं तिला मी सांगू शकत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

पेठेतलं एक जुनं कला महाविद्यालय. नाव लिहीत नाही, कारण कॉलेजचा यात काही दोष नाही. लायब्ररी पहिल्या मजल्यावर. जिना चढून आलात की डाव्या हाताला भिंतीवर काचेचा फलक, साधारण दाराएवढा रुंद. आत निळं कापड ताणून बसवलेलं, पुढे सरकत्या काचा आणि त्यांना छोटं कुलूप. वर ठसठशीत अक्षरांत ‘बातम्या व घडामोडी’. कुलपाची किल्ली माझ्या पर्समध्ये. दुसरी प्राचार्यांच्या कपाटात, पाकिटात बंद.

कॉलेजच्या आणि चित्रकलेच्या जगातल्या बातम्या त्यात लावायचं काम माझं. सकाळी पाच वर्तमानपत्रं यायची. मी ती चाळायची आणि आपल्या कामाची बातमी दिसली की पट्टी-ब्लेडने कापायची. इतर लायब्रऱ्यांत पेपर आधी वाचतात, मग कापतात. आमच्याकडे आधी कात्रण, मग वाचक. कारण एकदा का पेपर वाचनकक्षात गेला की दुपारपर्यंत पेंटिंगची पोरं तो ब्रश पुसायला पळवणार, हे ठरलेलं! त्यामुळे आमच्याकडचा पेपर कायम भोकं पडलेला. पेंटिंगचे एक सर रोज विचारायचे, “मॅडम, आज खिडकी कुठल्या पानावर उघडलीत?”

“वाऱ्याची सोय केली आहे, बसा,” मी म्हणायची.

आता ओंकारबद्दल. ओंकार माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा एकुलता एक मुलगा. आमच्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. घरी मावशी-मावशी करत गळ्यात पडणारा, पण कॉलेजात मॅडम म्हणायचं असा माझा दम होता. तो काळ आठवतोय ना? हिंजवडीला बसेस भरभरून जायला लागल्या होत्या, हडपसरच्या शेतांत काचेच्या इमारती उगवत होत्या आणि ज्याच्या त्याच्या घरी एकच मंत्र — कॉम्प्युटर शीक. आमच्या भाऊजींनीही तोच धरला होता. “रंग फासून पोट भरतं का रे?” हे रोजचं.

एका शुक्रवारी तो लायब्ररीत आला तो वार्षिक प्रदर्शनाचं बॅनर रंगवून. हात हिरवेगार. तसाच पुस्तकाला हात घालायला गेला, आणि मी चारचौघांत झापलं. “आधी हात धू. नखं बघ ती!” तो हसला. “धुतलेत मॅडम, हा रंग जात नाही.” त्याच संध्याकाळी घरी बापलेकांची जुंपली. शनिवारी सकाळी आपला पोर्टफोलिओ काखेत मारून तो आईला म्हणाला, “संध्याकाळपर्यंत एक गंमत सांगतो,” आणि गेला. तो आलाच नाही.

त्याच्याकडे मोबाईल नव्हता. तेव्हा कितीशा पोरांकडे असायचे? शनिवारी वाटलं, रुसून मित्राकडे राहिला असेल. रविवारी मी आणि भाऊजी एकेका मित्राच्या खोलीवर जाऊन आलो. कात्रज, धनकवडी, पार वाघोलीला एकाची रूम होती, तिथवर. कुणाकडेच नव्हता. चौकीत तक्रार दिली. “येईल हो, या वयात जातात पोरं,” म्हणाले, पण लिहून घेतली. ताईने देव पाण्यात घातले होते आणि समोर न जेवता बसली होती. भाऊजी एरवी किती गरजणारा माणूस... पण दिवाणखान्यात फोनशेजारी बसून राहिले होते. मला म्हणाले, “मी त्याला एवढं बोललो नव्हतो हो. खरंच नव्हतो.”

सोमवारी मी कामावर गेले ती केवळ त्याच्या वर्गातल्या पोरांना गाठता यावं म्हणून. त्यातून एवढं कळलं की कुठल्याशा ॲनिमेशन कंपनीत मुलाखतीला जायचं तो बोलत होता. कुठली कंपनी, कुठे, कुणाला ठाऊक नाही. तेवढ्यात प्राचार्यांचा निरोप आला — प्रदर्शनाची बातमी फोटोसकट छापून आली आहे, लगेच फलकात लावा. डोकं ठिकाणावर नव्हतं, पण हाताला सवय. चार कॉलमी बातमी होती. पट्टी धरली, ब्लेड फिरवलं, चार कोपऱ्यांना चार टाचण्या, कुलूप. पेपर खिडकीसकट वाचनकक्षात गेला.

मंगळवारी सकाळी जिना चढून आले तर कात्रण उलटं. बातमी कापडाकडे आणि मागची बाजू बाहेर. मागे एका कॉम्प्युटर क्लासची अर्धी कापली गेलेली जाहिरात, ‘नोकरीची हमी’ म्हणून मोठ्ठी अक्षरं. आमचे शिपाई शिर्के मामा झाडू मारत होते. सगळा राग त्यांच्यावर काढला.

“मामा, फलक कुणी उघडला?”

“मी कशाला उघडतोय मॅडम? किल्ली तुमच्यापाशी.”

“मग कात्रण काय आपलं आपण कुशीवर वळलं?”

ते बिचारे पुन्हा झाडू मारायला लागले. घरात काय चाललंय ते त्यांना माहीत होतं. मी कुलूप काढलं, कात्रण सुलटं केलं आणि पोरांना पुन्हा प्रश्न विचारायला वर्गात गेले.

बुधवारी परत तेच! तीच जाहिरात, त्याच टाचण्या, आणि नवल म्हणजे टाचण्या त्याच भोकांत. किल्ली रात्रभर माझ्या उशाखाली होती. आता मात्र डोकंच फिरलं. म्हटलं, इकडे आमच्या घरावर आभाळ कोसळलंय आणि कुण्या मेल्याला चेष्टा सुचतेय. कार्डपेपरचा तुकडा घेतला, कात्रणाच्या पाठीला सगळीकडून डिंक फासला आणि चांगलं रगडून चिकटवलं. मग कार्ड टाचून कुलूप. “आता उलटव म्हणावं,” असं मोठ्याने बोलल्याचं मला आठवतंय.

तुम्ही म्हणाल, बाई, दोनदा मागची बाजू समोर आली, वाचली का नाहीस? कात्रणं करणाऱ्याला विचारा. वीस वर्षं कागद कापणाऱ्या माणसाच्या लेखी कात्रणाला मागची बाजू नसतेच. तिथे कापलेली वाक्यं असतात, तोडलेले चेहरे असतात, ती बघायची नाहीत अशी डोळ्यांना शिस्त लागते. मला ती जाहिरात दिसली, त्यापलीकडे काही नाही.

गुरुवारी सकाळी नऊ वीसला मी फलकासमोर उभी होते. कुलूप जसंच्या तसं. कार्डपेपर जसाच्या तसा, माझ्या टाचण्यांनी टाचलेला. आणि त्यावर कात्रण उलटं. नोकरीची हमी!

खरं सांगते, भीती वाटली नाही... भीती नंतर आली. मी नुसती बघत राहिले, आणि बघता बघता पहिल्यांदाच नजर जाहिरातीच्या खाली गेली. उजव्या कोपऱ्यात बारीक टायपात पाच ओळी होत्या. शनिवारी सकाळी वाहनाच्या धडकेने जखमी झालेला अनोळखी तरुण. वय अंदाजे वीस. बेशुद्धावस्थेत दाखल. अंगात निळा चौकड्यांचा शर्ट, उजव्या हाताच्या नखांत हिरवा रंग. ओळखणाऱ्यांनी — आणि तिथेच माझं ब्लेड गेलेलं.

मी किंचाळले म्हणे. मला आठवत नाही. शिर्के मामा धावत आले, त्यांना मी एवढंच म्हटलं, “सोमवारचा पेपर कुठाय?” उरलेल्या ओळी त्या पानावर होत्या, माझ्या खिडकीच्या खाली. पण पेपर वाचनकक्षात कुठला असायला? आम्ही दोघं पेंटिंगच्या वर्गात गेलो आणि ब्रश पुसलेल्या कागदांचा पत्र्याचा डबा जमिनीवर उपडा केला. टर्पेंटाइनच्या वासाने डोळ्यांना धारा. पोरं बघत उभी राहिली, मग न सांगता तीही गुडघ्यांवर बसली आणि एकेक बोळा उलगडायला लागली. एका पोरीने ओरडून पान वर धरलं. चौकोनी भोक, आणि त्याखाली तपकिरी रंगाचा जाड फराटा. फराट्याच्या कडेला एकच शब्द वाचता येत होता — हडपसर.

प्राचार्यांच्या खोलीतून तिथल्या पोलीस ठाण्याला फोन लावला. हॉस्पिटलचं नाव मिळालं. ताई-भाऊजींना कळवलं आणि रिक्षात बसले. सोलापूर रस्त्याला सगळीकडे खोदकाम, रिक्षा मुंगीच्या पावलाने चाललेली. मी रिक्षावाल्याला हात जोडले, शिव्या दिल्या, रडले. शेवटी तोच म्हणाला, “ताई, सिग्नल मोडतो, पण तुम्ही रडू नका.”

तो ओंकारच होता. डोक्याला पट्ट्या, नाकात नळी, पलंगाच्या पायथ्याशी कागदावर ‘अनोळखी पुरुष’. मी उजवा हात उचलून नखं पाहिली. मग सिस्टरला नाव सांगितलं आणि तिने त्या कागदावर लगेच पेनने लिहिलं. बरोबर पोर्टफोलिओ होता का विचारलं, तर अपघाताच्या जागी तसलं काही सापडलं नव्हतं म्हणे. त्यात त्याचं नाव, पत्ता, फोन, सगळं होतं.

ताई-भाऊजी पोचायचे होते. सिस्टर चांगली होती बिचारी. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “सोमवारी रात्री शुद्धीवर आला होता. मंगळवारी अख्खा दिवस डोळे उघडे. बोलता येत नव्हतं, पण दार वाजलं की मान वळवून बघायचा. आम्ही म्हणायचो, येतील हां तुझी माणसं. काल दुपारपासून मात्र तब्येत ढासळली.”

मंगळवार. बुधवार दुपारपर्यंत.

शनिवारी पहाटे ओंकार गेला. आई त्याच्या उशाशी होती, भाऊजी पायाशी. त्याने डोळे उघडले नाहीत.

पंधरा दिवसांनी मी ते कार्ड पेंटिंगच्या सरांना दाखवलं. जुनी चित्रं दुरुस्त करण्यात त्यांचा हातखंडा. त्यांनी भिंगातून पाहिलं. कार्डावर माझा डिंक वाळून कडक झालेला, माझ्या बोटांच्या रेघांसकट. पण कात्रणाच्या पाठीवर डिंकाचा ठिपका नाही, आणि सुटलेल्या कागदाचा एक तंतू डिंकात नाही. “असला कागद ओला करून सोडवला तरी फाटतो,” ते म्हणाले. “हा कधी चिकटवलेलाच नाही, मॅडम.” मी म्हटलं, मग त्या मनःस्थितीत मीच उलटा लावला असेन. ते म्हणाले, “असेल. पण मग हा डिंक कशाला लावलात?” प्राचार्यांचं पाकीट सील न फुटलेलं निघालं. शिर्के मामांनी देवीची शपथ घेतली, मला ती नको होती. त्या तीन दिवसांत ओंकार हडपसरला पलंगावर होता आणि त्याला हातसुद्धा हलवता येत नव्हता. ते कुणी केलं आणि कसं, मला आजतागायत माहीत नाही. आणि उत्तर तुमच्यापैकी कुणी देऊही नका.

मात्र एक गोष्ट घरी कुणालाच ठाऊक नाही. कॉलेजात सरांना आणि शिर्के मामांना थोडी ठाऊक होती, मामा आता नाहीत. ताईला मी सांगितलं ते इतकंच, की गुरुवारी सकाळी कात्रण आपोआप उलटं झालेलं दिसलं आणि मी वाचलं. मंगळवारचं सांगितलं नाही. बुधवारचं तर नाहीच, डिंकाची बाटली शोधून मी स्वतःच्या हाताने ते रगडून बंद केलं ते.

ताई आता सत्तरीला आली. दर वर्षी त्याच्या तिथीला मी जेवायला जाते, आणि वाढता वाढता ती न चुकता म्हणते, “तुझ्या डोळ्यांना ते दिसलं म्हणून शेवटी तोंड तरी बघायला मिळालं गं माझ्या पोराचं. नाहीतर बेवारस गेला असता.” मी हो म्हणते, आणि पानात वाढलेलं सगळं संपवते.