ब्याऐंशी नंबरचा चौकोन

“मासोळीचा वास येऊन राहिला. हो बाजूला, तिकडं टाकीमागं उभी राय.”

विज्ञानाचे सर म्हणाले आणि माझ्या गळ्यातला ८२चा पुठ्ठा काढून त्यांनी गिरणीमालकाच्या पोरीच्या गळ्यात घातला. सगळ्या शाळेसमोर.

प्रदर्शनासाठी मैदानावर चुन्याने आवर्तसारणी आखली होती. एकेका चौकोनात एकेक विद्यार्थी, गळ्यात अणुअंक, हातात ते मूलद्रव्य. कोणी तांब्याची तार आणली, कोणी ॲल्युमिनियमचा डबा. मी शिसं आणलं. आम्ही ढिवर, तलावात मासोळ्या धरतो. जाळं खाली बसावं म्हणून त्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या असतात. बाबांनी त्यातली एक कापून दिली. मी चिंच लावून, राख लावून दोनदा घासली. वास गेला असं वाटलं. रोज त्याच वासात राहणाऱ्या नाकाला काय कळणार!

गोळी मात्र सरांनी ठेवून घेतली, त्या पोरीच्या हातात दिली. म्हणजे वास गोळीचा नव्हता. माझा होता.

पोरं हसली. मीही हसले. त्याची मला अजून शरम वाटते.

तालुक्याहून परीक्षक मॅडम आल्या. एकेका चौकोनाशी थांबत त्या ८२पाशी पोचल्या. “शिशाच्या सगळ्यात बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉन किती?”

पोरीने सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे. डोळ्यांनीच खुणावलं, सांग हळूच.

तळपायाची आग मस्तकात गेली. दोन, आठ, अठरा, बत्तीस, अठरा, चार. जाळं विणता विणता पाठ केलं होतं मी. उत्तर माझं चालतं, मी चालत नाही? मी टाकीमागून निघाले, सरळ चौकोनात जाऊन उभी राहिले.

“चार,” मी म्हणाले. “पण सर, उत्तर माह्यं पायजे असंन, तं मी बी इथंच उभी राहीन.”

त्या पोरीने मुकाट पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला. सर मॅडमना पुढच्या चौकोनाकडे घेऊन गेले. मॅडमसमोर बोलणार काय?

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन ऑफिसात बोलावलं. सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. “माफी लिही. प्रात्यक्षिकाचे मार्क माह्या हातात हायेत.”

बाबा दाराबाहेर चपला काढून उभे होते. “लिहून दे वं माय,” ते म्हणाले. “दहावीचं साल हाये. वाया जाईन.” मला त्यांचा राग आला. रडूही आलं.

मी लिहिलं. सर काय बोलले, कोणत्या शब्दांत, कोणी कोणी ऐकलं. माफीचा एक शब्द नाही. खाली सही केली आणि कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला.

तक्रारीचा निकाल अजून लागायचा आहे. रोज कोणीतरी घरी येऊन समजावतं, तक्रार मागे घे, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? जेवण जात नाही, झोप लागत नाही. मार्क जातील याची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण तो कागद मी परत घेणार नाही. नापास केलं तर पुन्हा परीक्षेला बसेन. आणि कोणी तो कागद फाडला, तर दुसरा लिहीन.