बसमध्ये राहिलेली वही

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझे बाकीचे सगळे गाढवपणे तारीखवार पाठ आहेत.

माझ्या कवितांच्या पुस्तकाबद्दल बोलतोय. एकच आहे, पातळसं. त्यात म्हैस तोंडात रेशनकार्ड धरून रॉकेलच्या रांगेत उभी राहते. वैनगंगा नदी फॅक्टरीच्या गेटवर हजेरी लावायला येते, आणि पास नाही म्हणून वॉचमन तिला परत धाडतो. लोक पोट धरून हसायचे. नागपूरच्या एका समीक्षकानं मला ‘अतिवास्तववादी’ म्हटलं. मी आधी घाबरलो. मग कळलं, ही स्तुती आहे. कसं सुचतं हो तुम्हाला? — सगळे विचारायचे. मी छताकडे बघायचो. छताला काय होतं? पंखा.

सत्तरचं दशक संपत आलेलं. मी जवाहरनगरला फॅक्टरीत क्लार्क होतो, भंडाऱ्याहून सकाळच्या बसनं जायचो. शेजारच्या सीटवर डोमाजी. पॅकिंगमधला कामगार, गाव करडी, भंडाऱ्यात खोली करून एकटाच राहायचा. त्याची बायको भागरता आदल्या वर्षी वारली होती. ती त्याच्या स्वप्नात यायची. आणि त्याच्या घरची रीत अशी, की मेलेलं माणूस स्वप्नात आलं तर तोंडात पाणी घ्यायच्या आधी ते एकाला तरी सांगायचं. नाहीतर ते माणूस उपाशी परत जातं. खोलीवर ऐकणार कोण? डोमाजी तहानलेलाच बसमध्ये चढायचा.

“बाबू, काल भोंग्यावर बसून होती. पाय हालवून राहिली होती. म्हने, डबा इसरले तुमी.”

मी हसायचो, तोही हसायचा, मग गटागटा पाणी प्यायचा. मी वहीत लिहून घ्यायचो. त्याला वाटायचं, त्याच्यासाठीच. “लिवा, बाबू. सांगतलं का भुलून जातो मी.” आणि मी कवितेत भागरताच्या जागी कधी म्हैस घालायचो, कधी नदी.

चोरी कबूल केली, झालं — असं वाटलं ना तुम्हाला? थांबा. चोरी मी स्वतःला केव्हाच माफ केली होती. कवी लोक तिला निरीक्षण म्हणतात.

पुस्तक छापायला गेलं आणि त्याच महिन्यात भागरता यायची थांबली. डोमाजी रोज चढायचा तो पाणी पिऊनच. एक दिवस म्हणाला, “बाबू, ते वही द्या ना मले. आमच्या गावचा मास्तर वाचून दाखवन. वहीत तरी हाय ना थे.”

मास्तर! मास्तर लोक पुस्तकंही वाचतात. उद्या माझं हातात पडलं तर?

“वही? हरवली हो, डोमाजी. बसमध्येच राहिली वाटते.”

माझं वाक्य संपायच्या आत तो वाकला. आमच्या सीटखाली. मग पुढच्या. मग त्याच्या पुढच्या. लोक पाय वर घेऊ लागले. मागून कोणीतरी ओरडलं, “काय हरपलं बे, डोमा?”

“माही बायको,” तो खालूनच म्हणाला.

अख्खी बस हसली. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. वही माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती.

आठवडाभर तो रोज शोधत होता. ड्रायव्हरला विचारलं, बस झाडणाऱ्याला विचारलं. मला मात्र एकदाही पुन्हा विचारलं नाही. त्याला माहीत होतं का? मला माहीत नाही. पुढे तो रिटायर होऊन करडीला गेला आणि तिथंच वारला.

वही अजून माझ्याजवळ आहे. शेवटच्या पानावरचं स्वप्न मी पुस्तकात घेतलं नव्हतं, त्यात हसण्यासारखं काही नाही म्हणून. भागरता सकाळच्या बसमध्ये चढते. बस भरलेली असते. ती डोमाजीला विचारते, मी कुठं बसू?

डोमाजी म्हणतो, बाबूजवळ बस.