मोजणीबाहेरचा मामा

माझा मामा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात सोळा वर्षं पाहुणा होता. रोज सकाळी आठला तो कापायच्या मशीनवर उभा असायचा. पण तपासनीस आले की मालक त्याला हात धुवायला लावून केबिनमध्ये बसवायचे, पुढ्यात चहा ठेवायचे. कारण साधं होतं. दहा कामगार झाले की मालकाला सगळ्यांची सामाजिक सुरक्षेत नोंद करावी लागते, वर्गणीतला आपला वाटा दरमहा भरावा लागतो. मग आजारपण, अपघात, म्हातारपण यांची सोय होते, घरच्यांच्या औषधपाण्यासकट. मालकांच्या वहीत माणसं नऊच. मामा दहावा.

मामाला यात काही वावगं वाटत नव्हतं. वर्षातून एकदा तरी मालक आपल्याला 'अहो' म्हणतात, याचंच त्याला अप्रूप. पण मामीचे गुडघे गेले. दोन वर्षं ती तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती, आणि ऑपरेशनचा खर्च ऐकून मामाला जेवण जाईना. त्याने मालकांकडे नोंदणीचा विषय काढला, तर ते मायेने म्हणाले, "अरे, आपण नऊच तर आहोत." मामाने मान डोलावली. असा आमचा वाघ.

पुढच्या तपासणीला एक बाई आल्या. मामा कपबशी घेऊन केबिनमध्ये. त्याच्या मशीनवर दुसराच कुणी. मध्येच पात्याचा आवाज बदलला. बाकीच्यांना कळायच्या आत मामा उठला, बटण बंद केलं, पान्याने सैल नट आवळला. मग त्याच्या लक्षात आलं, सगळे आपल्याकडेच बघताहेत.

पाहुण्यांना हे कसं कळलं, असं बाईंनी विचारलं. मालक खोकले. हौस आहे हो, एवढं म्हटलं असतं तरी मामा सुटला असता. तो हातातल्या पान्याकडे बघत राहिला.

"आवाजावरून," तो म्हणाला. "सोळा वर्षं हेच मशीन चालवतोय, बाई."

मामीच्या मते यात शौर्य काही नाही, यांना वेळेवर खोटं सुचत नाही एवढंच.

मालकांना दंड झाला आणि दहाही जणांची नोंद करावी लागली. महिनाभर ते मामाशी बोलले नाहीत. काढलं मात्र नाही, कारण तो आवाज दुसऱ्या कुणाला कळत नव्हता. पगारातून आपलाही वाटा कापला जातो म्हणून उरलेले नऊ जण कुरकुरले, आणि आठवड्याभरात आपापल्या बायकापोरांची नावं अर्जात भरून मोकळे झाले.

ऑपरेशननंतर मामी कठडा धरून एकेक पायरी उतरली. मामा दोन पायऱ्या पुढे, उलटा चालत, पडलीच तर झेलायच्या तयारीत. खाली त्याने खुर्ची मांडून ठेवली होती.

"बसायला वर जागा नव्हती का?" मामी म्हणाली, आणि कोपऱ्यापर्यंत चालत गेली.