हवेची वाटणी

थोरल्या दिरांशी माझं बोलणं बंद आहे आणि ते पुन्हा सुरू व्हावं अशी माझी इच्छा नाही. सख्ख्या भावांत असं काय झालं, असं लोक विचारतात. बांधावरून झालेलं भांडण त्यांना कळतं, पाण्याच्या पाळीवरून झालेलं कळतं. रेडिओवरून झालं म्हटलं की ते हसतात. म्हणून आता कुणी विचारलं तर मी नुसतं 'घरगुती' म्हणते.

कर्नाटकाच्या हद्दीत, बोरगावजवळ आमची शेती. वाटणी झाली तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या आणि नदीकाठची मळी आमच्या वाट्याला आली, माळाची जमीन दिरांच्या. चिठ्ठी एका परक्या माणसानं उचलली होती, तरी ती माझ्या नवऱ्यानंच दुमडून ठेवल्यासारखा राग दिरांनी मनात धरला. अंगणातून भिंत घातली गेली. अलीकडं आम्ही, पलीकडं ते आणि जाऊबाई.

मळीत मोबाईल चालत नाही. घटकाभर महाराष्ट्राचा टॉवर धरतो, घटकाभर कर्नाटकाचा, आणि बोलायला लागलं की दोन्ही सोडतो. माझा नवरा दिवसभर तिकडं, मी घरी. लाईट आली का, मोटर चालू करू का, जेवण कधी येतंय, सगळं अडून राहायचं. म्हणून त्यानं कोल्हापुरातून दोन वायरलेस सेट आणले. एक सोप्यात ठेवला, एक नदीवर मोटरच्या खोलीत. याला परवाना लागत नाही, असं दुकानदारानं सांगितलं होतं.

आमच्या सेटचं बटण फिरवलं की कट् असा आवाज करून पुढच्या चॅनेलवर जायचं. बारा, तेरा, चौदा. दोन आकड्यांच्या मधे थांबायची सोय नाही. आम्ही चौदावर बोलायचो. तिथं कुणी असलं तर वीसवर जायचं, असं आमचं ठरलेलं. मला ते आवडायचं. दोघांनी एक आकडा धरला की चुकामूक नाही.

दिरांकडचा सेट वेगळा होता. जाऊबाईंचा भाऊ जहाजावर नोकरीला, त्यानं कुठूनतरी आणून दिलेला. त्याचं बटण लोण्यासारखं फिरायचं. काटा सरकत जायचा आणि पाहिजे तिथं थांबायचा, चौदाच्या अलीकडं, पलीकडं, पंधराच्या उंबऱ्यावर, कुठंही. वाटणीआधी घर एक होतं तेव्हा दीर संध्याकाळी तो लावून बसायचे आणि कुठले कुठले आवाज ऐकायचे. तेव्हा त्याचा कुणाला त्रास नव्हता.

आमचे सेट आल्यावर आठवडाभरातच शिट्टी सुरू झाली. नवरा नदीवरून बोलायला लागला की कानात सुई घालावी तशी बारीक शिट्टी यायची, मग ती जाड होत होत घुमायला लागायची आणि त्याचा आवाज तिच्याखाली दबून जायचा. आधी वाटलं सेट खराब. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, तुमच्या चॅनेलला अगदी खेटून, पण नेमका त्यावर नाही, असा कुणी दुसरा आपल्या सेटचं बोलायचं बटण दाबून बसला की दोन लाटा एकमेकींत घुसतात आणि शिट्टी होते. एवढं खेटून बसायला मोकळं फिरणारं बटण लागतं. तसं बटण आमच्या माहितीत एकाच घरी होतं. आम्ही वीसवर गेलो की ते वीसवर यायचे. पंचवीसवर गेलो की तिथं. काटा सरकवत सरकवत आम्हाला हुडकायचे.

नवरा भिंतीपाशी गेला. मी मागं उभी होते.

"अण्णा, आमच्या बोलण्यात कशापायी येतोस?"

"तुमच्या? हवा काय तुज्या नावावर केलीया? वाटणीत हवा न्हवती."

"चाळीस चॅनेल हाईत. एक आमाला सोड की."

"चॅनेल तुमच्यासारख्यांस्नी. खुट्ट्याला बांधलेली जनावरं तुमी. मला जागा ठरवून घ्यायची सवय न्हाय, मी पायजे तितं थांबतो."

"थांब की. पर दुसऱ्याच्या दारात नगं."

दीर हसले आणि घरात गेले. त्या दिवशी संध्याकाळभर शिट्टी चालू होती. आम्ही बोलत नव्हतो तरी.

मी नवऱ्याला म्हटलं, ठाण्यात जाऊ. मी सीमालढ्यातल्या येळ्ळूरची. माझ्या माहेरी अन्याय झाला की माणूस रस्त्यावर जातो, गप्प बसत नाही. नवरा नाइलाजानं बरोबर आला. साहेबानं सगळं ऐकून घेतलं आणि कन्नडमधून विचारलं, शिट्टीचा पुरावा काय? आम्ही परत आलो.

त्या पावसाळ्यात वर धरणाचं पाणी सोडलं आणि नदी दुपारपासून चढायला लागली. मोटर वर काढायला हवी होती. नवरा आणि आमचा गडी मळीत गेले. पाणी फार वेगानं आलं तर ट्रॅक्टर लागेल, नाहीतर दोघं दोरानं ओढू, असं ठरलं. ट्रॅक्टर मला चालवता येतो. तो अंगणात उभा होता, किल्ली माझ्या कनवटीला होती.

सेटवर नवऱ्याचा आवाज आला, "अगं, ट्र..." आणि शिट्टी.

"अवो, काय म्हणताय? परत सांगा."

शिट्टी. मी वीसवर गेले. तो ठरल्याप्रमाणे तिथं आला असणार, कारण त्याचा एक शब्द कानावर पडला, पण शिट्टीही त्याच्यामागं आली. मी भिंतीकडं तोंड करून ओरडले, "भावजी, सोडा! नदी चढलीया!" शिट्टी चालूच. ट्रॅक्टरच म्हणाला असेल, असं वाटून मी किल्ली लावली. पण तोवर वेळ गेली होती. मी निम्म्या वाटेवर असताना गडी पळत येताना दिसला.

मोटर घसरली होती. नवऱ्यानं झाडाला वेढा दिलेला दोर धरून ठेवला आणि मी येईन म्हणून सोडला नाही. मोटर नदीत गेली, जाताना दोरात त्याची बोटं चिरडून गेली. निपाणीच्या दवाखान्यात उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली.

दुसऱ्या दिवशी त्याचे कपडे न्यायला मी घरी आले आणि आधी दिरांच्या घरात गेले. दीर सोप्यात बसले होते. शेजारी सेट चालू. जाऊबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या.

"भावजी, बोटं गेली त्यांची."

ते खाली बघत म्हणाले, "वाईट झालं."

"तुमाला ऐकू आलं न्हवतं?"

"बटण दाबल्यावर ऐकू येत न्हाय. तुलाबी ठावं हाय."

ते खरं होतं. असल्या सेटवर जो दाबून धरतो त्याला काही ऐकू येत नाही. मग मी विचारलं, "आणि दाबायच्या आधी?"

चुलीकडून आवाज आला.

"आधी ऐकलं त्येनी," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचे हात पिठातच होते. "धाकटं 'अगं, ट्र' म्हनालं, ट्रॅक्टरच पायजे ते कळलं. मीबी ऐकलं. मग ह्यांनी दाबलं."

"तू गप," दीर म्हणाले.

"का गप?" जाऊबाई माझ्याकडं वळल्या. "तूबी ओरडलीस भिंतीवरनं, तेबी ऐकलं आमी."

खुंटीला विळा होता. मी तो काढला, सेटच्या माईकची वायर धरली आणि कापली. दीर उठले, त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"बाईमाणूस म्हणून सोडतोय."

"सोडू नगासा," मी म्हटलं. ते जागचे हलले नाहीत. मी विळा पाटावर ठेवला आणि बाहेर आले. ते जाग्यावरून पुढं आले असते तर मी काय केलं असतं, हे मला माहीत आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मला पुन्हा ठाण्यात जायचं होतं. नवऱ्यानं जाऊ दिलं नाही. "भाऊ हाय त्यो," एवढंच म्हणाला. त्यावरून आमचं दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि त्याचीही अढी माझ्या मनात अजून आहे.

पुढं नदीकडच्या रस्त्यावर नवा टॉवर झाला आणि फोन लागायला लागले. सेट आम्ही काढून टाकले. दिरांनी नवा माईक आणला की नाही, मला माहीत नाही. नवरा डाव्या हातानं खुरपं धरायला शिकला. जाऊबाई नळावर भेटल्या की मी त्यांच्याशी बोलते. त्या खरं बोलल्या त्याची किंमत घरात त्यांना मोजावी लागली. वर्षभर दिरांनी त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही, असं त्यांनीच सांगितलं.

गेल्या उन्हाळ्यात दिरांच्या मुलाचं लग्न झालं. पत्रिका आली. नवरा गेला, मी गेले नाही. परत आल्यावर मी विचारलं, "भावजी बोलले का?"

"जेवून जा म्हणाला."

"आणि तुमी?"

"जेवलो की," तो म्हणाला, आणि चप्पल काढून आत गेला. मी त्याचं ताट झाकून ठेवलं होतं, ते गाईपुढं टाकलं.